विजेचं उष्टं

पहाटेचे पावणेपाच. मे महिना. बदलापूरला, कुळगावातल्या घरी मोरीत बादली लावून तुम्ही उकिडवे बसला आहात. नळ आधी खोकतो, मग लांब फुस्स करून पोटातली हवा सोडतो, दोन-चार गढूळ थेंब थुंकतो आणि एकदम धार धरतो.

"आलं का एकदाचं?" आतून आई विचारते. "धार कशी आहे?"

"बरी आहे."

"मग आधी पिण्याचं भर. बादल्या मागनं."

ओट्यावर डब्याची दुधीची भाजी आहे. आईनं पातेल्यावर खोलगट ताट ठेवलंय आणि ताटात वाटीभर पाणी ओतलंय. झाकणावर पाणी कशाला, असं तुम्ही लहानपणी एकदा विचारलं होतं. "भाजी लागत नाही म्हणून," एवढंच उत्तर मिळालं होतं. ते ताट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता हात धारेखाली धरा आणि काढू नका. या प्रवासाचं तिकीट एवढंच. पाणी जिथून आलं तिथवर ते तुम्हाला मागे ओढत नेईल. नळातून जमिनीखालच्या नळात, तिथून जलशुद्धीकरणाच्या टाक्यांत, तिथून बॅरेजच्या बंधाऱ्यावर, आणि मग उल्हासच्या पात्रातून वर. वांगणी मागे पडते. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस याच पट्ट्यात पुराच्या पाण्यात हजारभर प्रवाशांसकट उभी राहिली होती. पावसाळ्यात ही नदी रुळांवर चढते हे तुम्हाला ठाऊक आहे. मेमध्ये ती वाहते कशी, हा प्रश्न मात्र तुम्हाला कधी पडलेला नाही. सह्याद्रीतून पश्चिमेला उतरणाऱ्या नद्या शिमग्यानंतर डबक्यांवर येतात. उल्हास येत नाही. नेरळ, मग पेज नदीचं तोंड. इथे पाणी अचानक गार होतं आणि कानात एक घरघर सुरू होते.

१९२२. भिवपुरी. लोकलच्या मार्गावरचं भिवपुरी रोड स्टेशन इथून दूर राहिलं, हे डोंगराच्या पायथ्याचं भिवपुरी. मान वर करा. कड्यावरून खाली, माणूस शिरेल एवढे जाड लोखंडी नळ उतरलेत, जणू डोंगराला टाके घातलेत. नळाला हात लावून बघा. तो थरथरतोय.

वर मावळात ठोकरवाडीला आंध्रा नदी अडवली आहे. ही आंध्रा मुळात पूर्वेला जाणारी. ती इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी देहू-आळंदीवरून भीमेला, भीमा पंढरपुरात चंद्रभागा म्हणून वळसा घेते, पुढे कृष्णा, आणि शेवटी थेट बंगालचा उपसागर. आषाढीला वारकरी ज्या दिशेनं निघतात त्याच दिशेचं हे पाणी. टाटांच्या इंजिनीयरांनी त्याला अडवलं, सह्याद्रीच्या पोटात बोगदा खणला आणि त्याची पाठ पंढरपूरकडे फिरवली. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. खोपोलीला १९१५ मध्ये सुरू झाली, इथे १९२२ मध्ये, भिऱ्याला १९२७ मध्ये होईल. या क्षणी तिकडे मुळशी खोऱ्यात सेनापती बापट आणि मावळे त्याच विजेसाठीच्या धरणाच्या कामावर आडवे झालेत. तो सत्याग्रह १९२१ मध्ये सुरू झाला आणि शेवटी हरला. बुडालेल्या गावांचा हिशेब विजेच्या बिलात कुठेच आला नाही, आणि आपण तो विचारायला गेलो नाही.

यंत्रघरात शिरा. तेल, गरम तांबं आणि ओल्या दगडाचा वास. पोलादी चाकाच्या परिघावर द्रोणांच्या जोड्या बसवल्यात आणि नळाच्या अरुंद तोंडातून सुटलेली धार त्या द्रोणांवर आदळतेय. पाण्याची धार असूनही ती काचेच्या कांबीसारखी दिसते. तेल घालणारा एक माणूस कापसाच्या बोळ्यानं हात पुसत तुमच्याकडे बघतो.

"कुठले पाव्हणे?"

"बदलापूरचे."

"बदलापूर?" तो हसतो. "तिथं घोडे बदलायचे म्हणतात."

"आणि हे पाणी पुढे कुठे जातं?"

तो दाराबाहेर बोट दाखवतो. यंत्राखालच्या चरातून फेसाळ पाणी बाहेर पडतंय आणि पेज नदीकडे निघालंय. "त्याचं काम झालं," तो म्हणतो. "आता ते मोकळं."

इथे जरा थांबा, कारण सगळी गोष्ट या वाक्यात आहे. पाण्याचा एक थेंबही खर्च झालेला नाही. पाचशे मीटरांहून जास्त उंचीवरून पडताना त्याच्या अंगात जो जोर होता, तो तेवढा चाकानं काढून घेतला. हिशेब सोपा आहे. हजार लिटर पाणी एवढ्या उंचीवरून उतरलं की साधारण सव्वा युनिट वीज देतं. म्हणजे मोरीत भरत असलेली तुमची वीस लिटरची बादली नऊ वॉटचा एक दिवा अडीच तास पेटवून आलीय. राजनाला कालव्यानं जाणारं पाणी कर्जतच्या शेतात उन्हाळी भात उभा करतं. उरलेलं नदीतून खाली येतं, बदलापूर-अंबरनाथ पितं. शंभर वर्षं तुम्ही विजेचं उष्टं पाणी पिताय. शबरीच्या बोरांना कोणी नाक मुरडलं नव्हतं, तुम्हीही मुरडू नका. पण उष्टं ते उष्टंच: आधी जेवणारा कधी बसेल त्यावर तुमची पंगत. ही केंद्रं मुंबईची मागणी चढते तेव्हा जोरानं चालतात, म्हणजे पवईत कोणी एसीचं बटण दाबलं की पेज नदी दोन बोटं वर. कोलाडला राफ्टिंग करणाऱ्यांना हे बरोबर माहीत असतं. भिऱ्याच्या बाजूनं पाणी सुटेपर्यंत त्यांच्या होड्या काठावर पडून असतात.

नळावर पुन्हा हात ठेवा. तळाशी हवेच्या दाबाच्या पन्नासपट दाब आहे. हा आकडाही बरोबर घेऊन चला.

हात पाण्यातच आहे, पण पाणी तुम्हाला जरा जास्तच मागे नेतं. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. अंबरनाथ. वालधुनीच्या काठी काळ्या दगडाचं शिवालय नुकतंच उभं राहिलंय आणि छिन्नीची भुकटी अजून ओट्यावर आहे. गाभारा जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जायचं. तुम्ही उतरता, तळपायाला ओल लागते. राज्य शिलाहारांचं, उत्तर कोकणचे राजे ते. ठाणं त्यांचं, सोपारा त्यांचं, बंदरांची जकात त्यांची. समुद्र म्हणजे त्यांच्या लेखी मासे, मीठ आणि कर. भरतीचं पाणी खाडीतून कल्याणच्या अंगाला चढतं, तिथपर्यंत खारं राज्य, त्याच्या वर गोडं. आणि बाहेर वाहणारी वालधुनी इतकी नितळ आहे की तुम्ही ओंजळ भरता.

भरून घ्या. तुमच्या काळात जीन्स धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यांनी या नदीला कधी निळी, कधी काळी करून सोडलीय. माझं स्पष्ट मत आहे की समुद्राचं पाणी गोड करून प्यायला निघालेल्यांनी आधी वालधुनीकडे बघावं. सांडपाणी पुन्हा वापरण्याजोगं करायला समुद्राच्या मानानं फार कमी वीज लागते. पण सांडपाण्याचं उद्घाटन करायला पाहुणे मिळत नाहीत. असो.

ओंजळ तोंडाला लावता आणि चव जाते. पाणी कोमट, सपक, काहीच नसल्यासारखं. डोळे उघडता तर समोर उघडे काळे डोंगर, पांढरं ऊन आणि बंदरात धूर सोडणाऱ्या बोटी. एडन. सुएझचा कालवा १८६९ मध्ये उघडला, त्यानंतरची ही वर्षं. गोंधळू नका, तुम्ही मुंबई इलाख्यातच आहात. १८३९ पासून एडनचा कारभार मुंबईहून चालतो आणि १९३२ पर्यंत चालेल. पाऊस दोन-दोन वर्षं फिरकत नाही, विहिरी मचूळ. आणि बोटींना, पलटणींना, कारकुनांना पाणी तर हवं. म्हणून किनाऱ्यावर कंडेन्सर बसवलेत. विलायतेहून जहाजानं कोळसा आणायचा, भट्टीत घालायचा, समुद्राचं पाणी उकळायचं, वाफ थंड करायची आणि हिशेबानं वाटायची.

मुंबईच्या पलटणीतला एक शिपाई तुमच्या शेजारी पितळी भांडं घेऊन रांगेत उभा आहे. रत्नागिरीकडचा असावा.

"पाण्याला रूपच नाय," तो म्हणतो. "आमच्या विहिरीचं पाणी प्यायलं म्हंजे पाणी प्यायल्यासारखं वाटतं. ह्ये नुसतं ओलं."

त्याच्या तक्रारीत तथ्य आहे. वाफेबरोबर मीठ येत नाही, तसे विहिरीच्या पाण्याला चव देणारे बाकीचे क्षारही येत नाहीत. आणि भट्टीजवळ उभं राहिलं की दुसरी गोष्ट कळते. ही भट्टी फक्त पाण्यासाठी जळतेय. वाफ एकदा उठली, थिजली, संपली. तिनं वाटेत एखादं चाक फिरवलं असतं तर? हा प्रश्न तुम्हाला पडतो, कारण तुम्ही पुढच्या काळातून आलात. शिपायाला भांडं भरायचंय.

चाक बघायला फार लांब जायला नको. ठाकुर्ली, १९२९. चोळे पॉवर हाऊस. जीआयपी रेल्वेनं पुण्याच्या बाजूला विजेच्या गाड्या न्यायचं ठरवलं आणि त्या विजेसाठी कल्याणजवळ हे कोळशावरचं केंद्र बांधलं. तुम्ही चिमण्यांखाली उभे आहात. मालगाडीतून कोळसा उतरतोय, माणसं गुडघ्यापर्यंत काळी. बॉयलर पाण्याची वाफ करतो, वाफ टर्बाइन फिरवते, वीज तारेवर चढते. आणि वाफेचं पुढे काय? तिला थंड करून पुन्हा पाणी करावं लागतं, त्याशिवाय टर्बाइनच्या मागच्या बाजूची ओढ टिकत नाही. थंड करायचं म्हणजे तिच्यातली उष्णता दुसऱ्या पाण्याला द्यायची आणि ते पाणी किंवा त्याची वाफ बाहेर सोडून द्यायची. त्या काळच्या यंत्रांत कोळशाच्या पाच वाट्यांतला जेमतेम एक विजेचा होई. आजचं चांगलं केंद्रही शंभरातले साठ वाटे असेच घालवतं, काही चिमणीतून, बहुतेक थंड करणाऱ्या पाण्यातून. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथे पीठ खायला कुत्रंही नाही.

भिवपुरीला जी गोष्ट होती तिचंच हे दुसरं तोंड. तिथे वीज काढून झाल्यावर पाणी उरलं, इथे उष्णता उरते. पाणी नदीत सोडलं तर खालची गावं पितात. उष्णता सोडली की गेली. ती कोमट असते, म्हणून तिला कोणी विचारत नाही. चोळ्याची भट्टी साठेक वर्षं धगधगली, १९८० च्या दशकाच्या अखेरीस विझली.

१९४९. पावसाळा. चिखलातून चालत तुम्ही कल्याण कॅम्पात येता. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बांधलेल्या बराकी, आणि आता त्यांत सिंधमधून आलेली कुटुंबं. एका बराकीत मधे पोती टांगून संसार वेगळे केलेत. ८ ऑगस्टला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी आले आणि या छावणीचं उल्हासनगर झालं, शेजारच्या नदीवरून. नळाशी रांग आहे. हंडे, डालडाचे डबे, एक चांदीची सुरई. सुरईवाल्या म्हाताऱ्या तुम्हाला "बेटा, आगे खिसको" म्हणून सरकवतात. सिंधू नदीच्या काठचं घर सोडून आलेल्या या बाई आता एका नळासमोर उभ्या आहेत. इथे मला तुम्हाला फार वेळ थांबवायचं नाही. एवढंच बघा की शहराला नाव नदीचं मिळालं, पण पाण्याचा स्वतःचा उगम काही मिळाला नाही. पुढे बारवी धरण झालं, जांभूळला शुद्धीकरण केंद्र झालं, दोन्ही एमआयडीसीची, आणि उल्हासनगर आजही पाणी विकतच घेतं. तुम्हाला आठवत असेल, अंबरनाथच्या तुमच्या मावशीकडे पाणी बंद असायचं त्या दिवशी ती भाजीसुद्धा कोरडी करायची.

आता हात अगदी घट्ट ठेवा. पुढच्या ठिकाणी पास लागतो. आपल्याला लागत नाही, हा या प्रवासाचा फायदा.

२००४. ट्रॉम्बे. डावीकडे टाटांच्या औष्णिक केंद्राची उंच चिमणी, उजवीकडे भाभा अणुसंशोधन केंद्राचे घुमट आणि समोर ठाण्याच्या खाडीचं राखाडी पाणी. सायरस ही जुनी संशोधन भट्टी १९६० पासून इथे आहे. ती वीज करत नाही, पण ४० मेगावॉट उष्णता करते. आतलं शुद्ध पाणी बंद नळांत फिरून भट्टी थंड ठेवतं आणि त्या पाण्याला समुद्राचं पाणी थंड करतं. इतकी वर्षं ती सगळी ऊब खाडीत गेली. भट्टीची मोठी दुरुस्ती निघाली तेव्हा तिच्या बाजूला एक लहानसं यंत्र जोडून घेतलं. दिवसाला तीस टन गोड पाणी. माणशी १३५ लिटरनं सव्वादोनशे माणसांचं, तुमच्या एका सोसायटीचं.

यंत्राजवळ जा. उभ्या टाकीला काचेची एक खिडकी आहे असं समजा आणि तिला डोळा लावा. आत खारं पाणी उकळतंय. हाताला बाहेरून टाकी लागते जेमतेम कोमट, अंगावर ओतून घ्यायच्या पाण्यासारखी. चाळीस-बेचाळीस अंशांना पाणी उकळतं कसं? आतली हवा पंपानं ओढून घेतलीय म्हणून. लेहला डाळ लवकर शिजत नाही त्याचं कारण हेच: हवा विरळ झाली की पाणी कमी तापमानाला उकळतं. इथे ती एवढी विरळ केलीय की भट्टीची टाकाऊ ऊब पुरते. त्या ४० मेगावॉटमधला एक मेगावॉटही लागत नाही. भट्टीचं पाणी आणि प्यायचं पाणी एकमेकांना शिवू नये म्हणून मधे आणखी एक बंद फेरा आहे.

आता वर बघा. उठलेली वाफ नळ्यांच्या जुडग्याला भेटते. नळ्यांतून थंड समुद्राचं पाणी वाहतंय. नळ्यांच्या पोटाला थेंब धरतात, जाड होतात, ओघळतात, खाली पन्हाळीत टपटपतात. तुम्ही हे कुठेतरी पाहिलंय.

ताट! दुधीच्या पातेल्यावरचं ताट. खाली भाजीची वाफ, वर ताटात गार पाणी, ताटाच्या पोटाला थेंब, थेंब परत भाजीत. भाजी लागत नाही. आणि तेवढ्या वेळात वाफेनं सोडलेली उष्णता ताटातल्या पाण्यानं घेतलेली असते. ते चटका बसेल एवढं गरम झालं की आई तेच भाजीत ओतते, गार पाणी ओतलं तर भाजीचा तजेला जातो म्हणून. याच ट्रॉम्बेत १९८० च्या दशकात दिवसाला सव्वाचार लाख लिटरचं मोठं यंत्र चालवून बघितलं होतं. त्यात ही युक्ती अनेक कप्प्यांत ओळीनं वापरलीय. आत येणारं समुद्राचं पाणी आधी एकेका कप्प्याची वाफ थिजवत स्वतः तापत जातं आणि मग उकळायला जातं. एकच उष्णता पुन्हा पुन्हा वापरायची. तमिळनाडूत कल्पाक्कमला अणुवीज केंद्राला हेच जोडलं. टर्बाइनमध्ये बहुतेक काम करून झालेली हलकी वाफ घेऊन दिवसाला ४५ लाख लिटर, आणि शेजारी बारीक भोकांच्या पडद्यातून गाळलेलं १८ लाख लिटर. चेन्नईजवळच्या एका औष्णिक केंद्रात तर कंडेन्सरमधून समुद्राकडे निघालेल्या गरम पाण्यालाच विरळ हवेत उकळवून गोड पाणी काढलं.

फुकट काहीच नाही, हेही तिथेच कळतं. टर्बाइनमधून वाफ जरा आधी काढून घेतली तर पाणी जास्त, वीज कमी. अगदी शेवटची, मेलेली ऊब घेतली तर वीज शाबूत, पण पाणी थोडं आणि यंत्र अगडबंब. किती उष्टं घ्यायचं आणि किती पानावर राहू द्यायचं, हा हिशेब प्रत्येक केंद्रात वेगळा.

एक माणूस तुमच्या हातात काचेचा पेला देतो. तुम्ही पिता. एडनचीच चव.

"हे पाणी लोकांना देता?" तुम्ही विचारता.

"नाही हो. भट्टीलाच लागतं शुद्ध पाणी. तिचं तिलाच."

सायरस २०१० च्या ३१ डिसेंबरला कायमची बंद झाली.

इथून पुढे जायचं म्हणजे अजून न घडलेल्या काळात. साल सांगत नाही. मनोरी, मुंबईच्या वायव्य टोकाचा किनारा. महापालिकेनं इथे समुद्राचं पाणी गोड करायचा प्रकल्प आखलाय. पहिल्यांदा दिवसाला २० कोटी लिटर, मग ४०. समजा तो उभा राहिलाय आणि तुम्ही पंपघरात आहात. वाफ नाही, धग नाही. लांबलचक पांढऱ्या नळ्यांच्या उतरंडी आणि कानठळ्या बसवणारे पंप. पडद्याला एवढी बारीक भोकं की पाणी जातं, मीठ अडतं. ढकलायला मात्र दाब लागतो. किती? हवेच्या दाबाच्या पंचावन्न-साठपट.

भिवपुरीच्या नळाशी तुम्ही हात ठेवून मोजलेला आकडा आठवा. पन्नास. सह्याद्रीची अख्खी भिंत ज्या जोरानं पाणी खाली फेकते, जवळजवळ त्याच जोरानं ते समुद्रातून वर ओढून घ्यावं लागतं. हजार लिटर घाटावरून आलं तर सव्वा युनिट देऊन येतं. तेच हजार लिटर समुद्रातून काढलं तर तीन-साडेतीन युनिट घेतं. २० कोटी लिटरला दिवसाला सात लाख युनिट धरा. भिवपुरीची आजची क्षमता ७५ मेगावॉट, त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रात्रंदिवस याच कामाला जुंपावा लागेल.

आखातात गेलेला तुमचा मामेभाऊ म्हणेल, आमच्याकडे तर वीज आणि पाणी एकाच आवारात होतं. बरोबर आहे. दुबई-अबूधाबीत गेल्या पिढीपर्यंत असंच होतं, वीजघराची वाफ समुद्र उकळायची. आता तिकडेही नवे प्रकल्प पडद्याचे. पडदे सुधारले, वीज कमी लागते, आणि सूर्यावरच्या विजेला टाकाऊ वाफ नसतेच. म्हणजे आपण कोळशाची केंद्रं समुद्राकाठी चालवली ती सगळी वर्षं ऊब वाहून गेली, आणि आता ऊब जायच्या वेळी पाणी आठवलं. ट्रॉम्बेला हे व्हायला हवं होतं, मोठ्या प्रमाणावर, आणि तेव्हाच.

पंपघराबाहेर या. मनोरी-गोराईचे कोळी किनाऱ्यावर उभे आहेत. गोड पाणी काढल्यावर उरलेलं दुप्पट खारं पाणी समुद्रात जाणार, त्यांची जाळी तिथेच लागतात. इथलं उष्टं त्यांच्या ताटात. त्यांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मला वाटतं. पण दुसरी बाजूही तुम्हाला दिसते, कारण तुम्ही बदलापूरचे. मुंबई आज भातसा, तानसा, वैतरणा पिते. हे सगळं पाणी ठाणे-पालघर-नाशिकच्या डोंगरांतून जातं आणि धरणाच्या भिंतीखालच्या पाड्यांवर बायका मेमध्ये टँकरची वाट बघतात. मुंबईनं आपल्या दारातला समुद्र प्यायला घेतला तर वरच्या अंगाला काय उरेल? आणि त्यासाठी लागणारी वीज कुठल्या डोंगरावरून पडलेली असेल? तिकडे मावळातही आता आवाज उठतोय की टाटांच्या धरणांतलं पाणी पश्चिमेला सोडू नका, भीमेला परत द्या. ते मान्य झालं तर चंद्रभागेला पाणी येईल आणि तुमचा नळ...

नळ. हाताला धार लागतेय ती आता जड, गार, गावची. कोपरापर्यंत ओले झालात.

"लक्ष कुठाय?" आई मोरीच्या दारात उभी आहे. "बादली भरून वाहून चाललीय. दहा मिनिटांत जाईल पाणी."

तुम्ही घाईनं बादली सरकवता, दुसरी लावता. धार आताच बारीक झालीय. आत सांडशीच्या चिमट्यात ताट उचलल्याचा आवाज येतो. ताटाच्या पोटाचे थेंब पातेल्यात टपटपतात, एकदोन शेगडीवर पडून चुर्र करतात. आई ताटातलं गरम पाणी भाजीत ओतते, वर दाण्याचं कूट घालते आणि रिकामं ताट पुन्हा झाकून म्हणते, "सहा सत्तावीसची गाडी मिळेल अजून. पाणी गेलं का?"